वाचतां येतें, पण कळतें काय?

लहान मुलांना गोष्टी व गाणीं तेवढीं द्यावीं, माहितीपर उताऱ्यांचा भार मागाहून घालावा, असें एक मत आपल्या सुशिक्षित समाजांत दृढ होऊन बसलें आहे. आदिवासी मुलांविषयीं तर तें मोठ्या कळवळ्यानें मांडलें जातें. हा कळवळा कितीहि प्रामाणिक असो, त्याचा परिणाम घातक आहे.

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे तालुके घ्या. येथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांच्या दारीं कागद येतो तो कोणत्या रूपानें? शिधापत्रिका, रोजगार हमीचा हजेरीपट, औषधाच्या पुडीवरील सूचना, वनहक्काचा दावा! यांत गोष्ट एकहि नाहीं. वनहक्कांचा कायदा 2006 सालीं झाला. पण हक्क मागावयाचा तर अर्ज व पुरावे हवेत, आणि ते दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागत असतील तर तो हक्क अर्धाच पदरांत पडला म्हणावयाचा.

"मुलें वाचावयास तर शिकतात ना?" असें कोणी विचारील. 'असर'च्या 2022 च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें 43 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचतां आला. शिवाय तेथें पाहिलें जातें तें अस्खलित वाचन. अर्थ समजला कीं नाहीं हा प्रश्न पुढेंच उरतो. वर्गांत तरी दुसरें काय चालतें? प्रश्नांतील शब्द धड्यांत शोधावयाचा आणि तें वाक्य वहींत उतरवावयाचें. उत्तर बरोबर येतें, अर्थाची मात्र गांठहि पडत नाहीं.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. समजा, तिसरीच्या वर्गांत नाचणीवर आठ ओळींचा उतारा आहे. गुरुजींनीं तो तीनदां वाचवावा. पहिल्या वेळीं विचारावें, काय सांगितलें आहे? दुसऱ्या वेळीं, कोणत्या शब्दावरून कळलें? त्यावर बोट ठेव. तिसऱ्या वेळीं, काय सांगावयाचें राहिलें? 'पावसाळ्यांत रोपें लावतात' एवढेंच पुस्तकांत असेल, तर मोखाड्याचें मूल सांगेल कीं आमच्याकडे हिला नागली म्हणतात. आधीं राब भाजावा लागतो, मग पेरणी, आणि मग आवणी. त्या क्षणीं तें मूल छापील अक्षराचें दास राहत नाहीं, त्याचें परीक्षक होतें.

घरची बोली निराळी, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वाचन सावकाश व्हावें आणि चर्चा बोलींत चालूं द्यावी. एकाच गुरुजींकडे अनेक वर्ग, हाहि आक्षेप खरा आहे. म्हणूनच धडे थोडे असावे. आठवड्यास आठ ओळी पुरेत, पण त्या पुऱ्या समजाव्या.

हें विलायती खूळ आहे असेंहि समजूं नये. पदच्छेद करावा, अन्वय लावावा, मग अर्थाविषयीं वाद घालावा, हा आपल्या शास्त्रीमंडळींचा जुनाच परिपाठ. फक्त तो मूठभरांच्या ओसरीबाहेर गेला नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं डहाणू तालुक्यांत कोसबाडला कुरणशाळा काढून, गुरें राखणाऱ्या मुलांकडे शाळा नेली. शाळा तेथवर गेली. आतां अर्थहि जावयास हवा.

मोखाड्यांतील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें, हें वाक्य भूगोलाच्या परीक्षेस पाठ करून घेणें सोपें आहे. तेंच तीनदां वाचलेलें मूल विचारील, मग उन्हाळ्यांत आमच्या पाड्यावर टँकर कां येतो? हा प्रश्न उताऱ्यांत नाहीं. पण उतारा नीट वाचल्यावांचून तो सुचावयाचाहि नाहीं. गोष्टी व गाणीं मुलांना अवश्य द्यावीं. पण तेवढींच देऊन हा प्रश्न त्यांच्या तोंडून काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?