किनवटला जिल्हा का हवाय? आणि झाला तर नेमकं काय बदलेल?

नांदेड जिल्ह्याच्या नकाशात ईशान्येच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी एक लहानसं शहर आहे: किनवट. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. स्वतंत्र जिल्ह्याची इथली मागणी जुनी आहे.

अडचण काय आहे?

अंतर. नांदेड इथून सरळ रेषेत मोजलं तरी 100 किलोमीटरहून लांब आहे. रस्त्याने त्याहून जास्त. तेलंगणातलं आदिलाबाद त्याच्या निम्म्याहूनही जवळ. पण जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं नांदेडला. एका सहीसाठी गेलं की मजुराचा दिवस बुडतो.

असं का झालं?

हैदराबाद संस्थानात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956च्या राज्य पुनर्रचनेत मराठी भाषेमुळे ते नांदेडला जोडलं गेलं. भाषेचा प्रश्न सुटला, अंतराचा राहिला. पुढे त्यात भर पडली: जिल्हा नांदेड, पण लोकसभा मतदारसंघ हिंगोली.

मग किनवटला काहीच नाही का?

आहे. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय इथे आहे, शेजारच्या गोकुंद्यात उपजिल्हा रुग्णालय आणि रेल्वे स्टेशन आहे. किनवट-माहूर भागातल्या गावांसाठी हेच केंद्र. पण बरीच कामं इथे सुरू होतात आणि संपतात नांदेडला.

नांदेड-लातूर वादाशी याचा संबंध काय?

2009 मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं, तेव्हा लातूर पेटून उठलं. वाद अडकला तो अडकलाच. पण सामान्य माणसाला विभागीय आयुक्तालयात आयुष्यात कितीदा जावं लागतं? जिल्ह्याच्या कार्यालयात मात्र वारंवार जावं लागतं. मोठ्या शहरांच्या चढाओढीत हा साधा फरक मागे पडला.

जिल्हा होणं शक्य आहे का?

कायद्याने अवघड नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार राज्य सरकार अधिसूचना काढून नवा जिल्हा करू शकतं. 1982 मध्ये लातूर, 1999 मध्ये हिंगोली आणि 2014 मध्ये पालघर असेच झाले. खरा प्रश्न इमारती, पदं आणि पैशांचा असतो. शिवाय एका ठिकाणी होकार दिला की राज्यभरातल्या इतर मागण्या उभ्या राहतात.

तोवर काय?

जिल्ह्याची पाटी लागायची वाट न पाहताही अधिकार किनवटला देता येतात. सही करणारा अधिकारी इथेच बसला, तज्ज्ञ डॉक्टर गोकुंद्यातच मिळाले, तर नांदेडच्या निम्म्या खेपा वाचतील. नुसती पाटी बदलली आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर जिल्हा होऊनही माणूस नांदेडच्याच बसमध्ये दिसेल.