इसारावर घेतलेलें शेत

कन्नड तालुक्यांतील शेतकरी इसार देतो, साठेखत करतो, ताबा घेऊन पेरणीहि करतो. खरेदीखत मात्र पुढल्या सुगीवर ढकलतो. मग भाव चढतो, मूळ मालक फिरतो व म्हणतो, "शेत सोडा!" अशा वेळीं या गरिबानें करावें तरी काय?

मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत 1929 सालीं घातलेलें 53 अ हें कलम त्याच्या बाजूचें आहे. करार लेखी व मालकाच्या सहीचा असला, ताबा त्या कराराप्रमाणें मिळाला असला, व घेणारा आपला शब्द पाळण्यास तयार असला, तर मालकाला त्यास उठवितां येत नाहीं. खरेदीखताच्या दाव्याची मुदत टळली तरी हा बचाव राहतो, असें सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत ठरविलें.

पण बंधूंनो, हें शेताचें कुंपण आहे, शेताची मालकी नव्हे. कराराची खबर नसलेल्या तिसऱ्यानें पैसे मोजून तेंच शेत घेतलें, तर त्याच्यापुढें हें कुंपण टिकत नाहीं. शिवाय 2001 पासून साठेखत नोंदलेलें नसेल तर या कलमाचा आधारच नाहीं.

ताब्यासह साठेखताला आपल्या राज्यांत खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. तो चुकविण्यासाठीं नोंदणी टाळाल, तर शेतच गमवाल. साठेखत नोंदवा, पैशाची पावती घ्या. मालक टाळूं लागला तर तीन वर्षांच्या आंत दावा लावा. घाम आपला आणि कागद दुसऱ्याचा, हा व्यवहार आतां पुरे झाला!