दोन गावं लिहू का?

सहा वर्षांच्या पोराने ॲप बनवलं, अशी जाहिरात लॉकडाऊनमध्ये तुम्हीही पाहिली असेल. आमच्या ऑफिसातल्या कित्येकांनी तेव्हा पोरांना क्लास लावले. पोरं रंगीत ठोकळे जोडून मांजराला उड्या मारायला लावायला शिकली. मांजराबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवसाचे आठ तास डेटाबेसशी झटापट करणारा माणूस म्हणून सांगतो, प्राथमिक शाळेत कॉम्प्युटरचं एकच काही शिकवायचं असेल तर डेटाबेस शिकवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं सहावीपासूनचं कोडिंग त्यानंतर येऊ दे. पॉवरपॉइंट नाही शिकवलं तरी कुणाचं काही अडत नाही.

माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिच्या संध्याकाळी पोर्टल भरण्यात जातात. यू-डायस, आधार, पोषण आहार. वर्गातलं मूल धड वाचायला लागण्याआधीच सरकारदरबारी एक ओळ झालेलं असतं. ती ओळ कशी बनते, हे त्याला कुणीच सांगत नाही.

गेल्या जूनमध्ये मी तिच्या चौथीच्या वर्गात आठवडाभर जाऊन बसलो. कॉम्प्युटर काढलाच नाही. पुस्तकपेटीची वही घेतली आणि विचारलं, साक्षीने किती पुस्तकं नेली? उत्तरं तीन आली. कारण वर्गात साक्षी दोन, आणि त्यातली एक कुठे कुठे 'साक्शी' झालेली. पोरांनी भांडून तोडगा काढला, नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहायचा. तो दरवर्षी बदलतो, असं एक मुलगी म्हणाली. मग जनरल रजिस्टरचा नंबर ठरला. प्रायमरी की ही भानगड मी इंजिनिअरिंगला व्याख्या घोकून 'समजून घेतली' होती!

मग मुलांचा तक्ता वेगळा, पुस्तकांचा वेगळा, आणि कुणी काय नेलं याचा तिसरा. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते त्यांतल्या मूल्यांनीच एकमेकांशी जोडायचे, हे आयबीएममधल्या एडगर कॉडने १९७० साली मांडलं. चौथीच्या पोरांना ते झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांचं भांडण ऐकावं.

मुलांच्या तक्त्यात 'गाव' असा रकाना होता. एकाने विचारलं, "दादा, दोन गावं लिहू का?" त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, वर्षातले पाच-सहा महिने तो कारखान्याच्या गावी. मी सवयीने म्हणालो, "एकच लिही." तो लिहीना. पेन्सिल धरून बसून राहिला.

मी पगार घेऊन असलेच रकाने बनवतो. लाल चांदणीचे, एकच उत्तर घेणारे. पलीकडचा माणूस त्यात मावत नसेल तर त्याने मावून घ्यायचं, असं आमच्या धंद्यात न बोलता ठरलेलं असतं. आणि मावून घ्यायची सवय आपल्याला शाळेतच लागते. तक्ता कुणीतरी बसून आखलेला असतो, तो बदलताही येतो, हे ज्याने दहाव्या वर्षी स्वतः करून पाहिलं, तो पुढे खिडकीवरच्या 'सिस्टिम घेत नाही'ला गप्प बसणार नाही. मला हवंय ते एवढंच. त्याला लॅब लागत नाही, वही पुरते. नंतर एखादा जुना लॅपटॉप आणि फुकट मिळणारं लिबरऑफिस बेस.

आम्ही आणखी एक तक्ता आखला. नंबर, गाव, कधीपासून, कधीपर्यंत. त्याच्या दोन ओळी झाल्या.

दिवाळीनंतर तो गेला. कारखान्याच्या गावापुढचं 'कधीपर्यंत' रिकामं होतं. तिथे रेघ मारायची का, असं आईने वर्गात विचारलं. पोरं म्हणाली, "नको बाई, तो अजून आला नाही ना."