श्रद्धा आणि पत

आपल्या श्रद्धेविषयी बोलताच ‘हा धर्मांतराचा डाव तर नव्हे ना?’ अशी शंका येईल, या धास्तीने वसईतील कित्येक सुशिक्षित ख्रिस्ती माणसे मौन पत्करतात. वस्तुतः घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिलेले आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. ही मर्यादा मनापासून मानणाऱ्याने संकोचण्याचे कारण नाही.

परंतु कायदा मुभा देतो. पत व्यवहारातूनच मिळवावी लागते. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ती मिळविली. ‘हरित वसई’च्या लढ्यात ते सर्वधर्मीयांसह रस्त्यावर उतरले; बायबल त्यांनी ‘सुबोध’ मराठीत आणले. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाला विरोधाचे सूर उमटले, तरी धर्मगुरू म्हणूनच ते त्या व्यासपीठावर उभे राहिले.

शेजाऱ्याच्या विहिरीची चिंता वाहणाऱ्याचे बोलणे शेजारी ऐकून घेतो. मौनाने मात्र संशय वाढतो, आणि त्याचे व्याज पुढच्या पिढीला फेडावे लागते.