माळाच्या तुकड्यात ताग पेरावा

आमचे शेत कंधार तालुक्यात, मन्याड नदीच्या वरच्या अंगाला आहे. तीन एकर. पावसाळ्यात सोयाबीन, ते निघाले की हरभरा. हरभरा काढला की रान मिरगापर्यंत उघडेच.

आबा म्हणतात, "रान थकलंय." बाबा म्हणतात, "रान थकत नसतंय, खत कमी पडलं." रोज जेवताना हेच चालते. माझेही मत आहे. घरी कोणी ऐकत नाही म्हणून भित्तिपत्रकात लिहितो. मी आबांच्या बाजूचा आहे.

मी आणि माझ्या मित्राने बांधावरच्या गवतात एक तांब्या पाणी ओतले, एक तांब्या वावरात. गवतातले मुरले. वावरातले चहासारखे होऊन खाली पळाले. तो चहा म्हणजे आमची मातीच की! मन्याडला गढूळ पूर येतो त्यात आमच्या वावराचाही वाटा असणार.

ताग दाट येतो. जमीन झाकतो, तणाला उठू देत नाही. त्याच्या मुळांना गाठी असतात. गुरुजींनी आम्हाला तूर उपटून तशाच गाठी दाखवल्या. फोडली तर आतून गुलाबी! त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात. दीड महिन्यात ताग फुलावर आला की नांगराने गाडायचा. उशीर झाला तर दांडा राठ होतो, लवकर कुजत नाही. (त्याच राठ दांड्याच्या वाखाचे दोर वळतात.)

बाबा म्हणाले, "सोयाबीनला पण गाठी असतात, मग?" मी आबांकडे बघितले. आबा म्हणाले, "सोयाबीनचा दाणा बाजारात जातो, भुसकट मळणीच्या ढिगात. रानाला काय राहतंय? ताग सगळाच रानात राहतो." १९७२ च्या दुष्काळात आबा बारा वर्षांचे होते. तेव्हा आमच्या रानात ज्वारी, मूग, उडीद, तूर मिसळून पेरत. सोयाबीन नंतर आले.

मग बाबांनी खरे कारण सांगितले. "ताग बाजारात कोण घेतंय? ताईच्या कॉलेजची फी ताग भरतो का?" हे मलाही पटले. मी दोन दिवस गप्प बसलो.

पण माळाकडचा अर्धा एकर उताराचा आहे. तिथे सोयाबीन गुडघ्यालाही लागत नाही. तिथे ताग पेरला तर फार काय बुडणार? गाडल्यावर तिथेच हरभरा पेरायचा, आणि शेजारच्या रानातल्या हरभऱ्याशी ताडून बघायचे. ज्यांना एवढेही सोडता येत नाही त्यांनी मूग पेरावा. शेंगा तोडून विकाव्या आणि हिरवी झाडे गाडावी. येळवसाला आपण शेतात आंबील शिंपडतो, पोटभर भज्जी खातो. मग शेताला एवढे जेवण द्यायला काय हरकत आहे?

बाबांनी अजून हो म्हटले नाही. पण परवा ते आबांबरोबर माळावर गेले आणि तो तुकडा पावलांनी मोजून आले.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी