भिजलेला मका आणि आपली जबाबदारी



ऐन काढणीच्या वेळी पाऊस लागला की मका भिजतो. ओली कणसे ढिगात पडली की थोड्याच दिवसांत त्यांवर हिरवी-पिवळी बुरशी चढते. आपण ती झटकतो, दाणे उन्हात घालतो आणि म्हणतो, 'घरात नको, पण म्हशीला चालेल; नाहीतर मजुरांना देऊन टाकू.' ही समजूत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत हेच घडले. अवेळी पावसाने भिजलेला मका नीट न वाळवताच साठविला गेला. गरीब आदिवासी कुटुंबांनी तो खाल्ला, कारण घरात दुसरे धान्य नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी भरले. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि शंभरावर दगावली. तोच मका खाणारी घरची कुत्रीही मेली.

या बुरशीच्या विषाला अफलाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर आघात करते. थोडे थोडे पण वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. उन्हाने बुरशी वाळते, विष वाळत नाही. भाकरी भाजल्याने किंवा कण्या शिजविल्यानेही ते पुरते जात नाही. गाई-म्हशींना असा मका घातला तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भिजलेली कणसे ढिगात ठेवू नयेत. ताडपत्रीवर पातळ पसरावीत, मातीवर नव्हे. बुरशीची, किडकी व फुटकी कणसे मळणीपूर्वीच वेगळी काढून खोल पुरावीत. दाणे वाळले की नाही, हे मिठाने कळते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि थोडे कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर दाणे अजून ओले आहेत. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत.

नुकसान सोसणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. कर्ज डोक्यावर असताना चार पोती पुरून टाकायला काळीज घट्ट करावे लागते. पण जो मका आपण आपल्या ताटात घेणार नाही, तो मजुराच्या पदरात घालणे किंवा चांगल्या मालात मिसळून बाजारात नेणे हा व्यवहार नव्हे, अपराध आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावी असे आपण दर रविवारी ऐकतो. तिची परीक्षा खळ्यावर होते.

पावसाच्या दिवसांत ज्यांच्याकडे वाळवायला कोरडी जागा नाही, त्यांनी संकोच न करता आम्हांस सांगावे. चर्चचा व्हरांडा आणि सभागृह त्यांच्यासाठी उघडे आहे. ज्यांच्याकडे जादा ताडपत्री असेल, त्यांनी ती शेजाऱ्याला द्यावी.