विश्लेषण : 1 ग्रॅम पदार्थात सोलापूरच्या प्रकल्पाची 19 तासांची वीज? आइन्स्टाइनचे सूत्र नेमके काय सांगते?

देशात 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. अणुऊर्जेचा विषय निघाला की ‘ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर’ हे सूत्र आणि ‘चिमूटभर पदार्थात शहराची वीज’ हा दावा येतोच. त्यात तथ्य किती?

सूत्र काय आहे?

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये दाखवले की ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 30 कोटी मीटर. त्याचा वर्ग म्हणजे 9 वर 16 शून्ये. त्यामुळे 1 ग्रॅम वस्तुमान म्हणजे सुमारे अडीच कोटी युनिट वीज.

सोलापूरचा हिशेब काय?

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या औष्णिक प्रकल्पाची क्षमता 1,320 मेगावॉट आहे. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे 3.17 कोटी युनिट वीज मिळेल. सूत्रानुसार ही ऊर्जा फक्त सव्वा ग्रॅम वस्तुमानाएवढी. म्हणजे 19 तासांचा हिशेब बरोबर आहे.

मग हजारो टन कोळसा का लागतो?

युनिटमागे सुमारे 650 ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला 20 हजार टन लागतो. कोळसा जळताना कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंमधील बंध बदलतात, अणुकेंद्रक तसेच राहते. हे सूत्र फक्त अणुबॉम्बला लागू होते, हा गैरसमज आहे. कोळशालाही ते लागू आहे. मात्र एवढा कोळसा जळून एकूण वस्तुमान घटते ते जेमतेम 3 ग्रॅम. बाकी सगळे राख, धूर आणि वायूंच्या रूपात शिल्लक राहते.

अणुभट्टीत काय वेगळे होते?

तिथे केंद्रकच फुटते. तरीही 1 किलो युरेनियम-235 चे पूर्ण विखंडन झाल्यास सुमारे 0.9 ग्रॅम वस्तुमानच ऊर्जेत जाते. शिवाय नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-235 चे प्रमाण फक्त 0.7 टक्के. त्यामुळे भारतातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून एवढीच वीज घ्यायची, तर रोज अर्ध्या टनाहून थोडे अधिक युरेनियम लागेल. कुठे 20 हजार टन आणि कुठे अर्धा टन! पण ‘चिमूटभर’ नक्कीच नाही.

सूत्र काय सांगत नाही?

पदार्थात किती ऊर्जा आहे, हे सूत्र सांगते. ती बाहेर कशी काढायची, हे सांगत नाही. अणुभट्टीतही उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. म्हणून थंड करण्यासाठी पाणी लागतेच. तारापूरला समुद्र आहे. सोलापूरचा प्रकल्प उजनीच्या पाण्यावर चालतो. इंधन हजारो पटींनी घटले, तरी पाण्याची गरज तशी घटत नाही. दुष्काळी जिल्ह्यांत अणुऊर्जेची चर्चा होईल तेव्हा युरेनियमआधी पाण्याचा हिशेब मांडावा लागेल.